टाके निघेपर्यंत

सिझर होऊन टाके निघेपर्यंत दवाखान्यात राहिलेली आमच्या गावातली पहिली सून मी. ही काही दगडावर कोरून ठेवायची गोष्ट नव्हे, हे मलाही कळतं. पण गावात कुणी सरपंच झालं, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, कुणाचा मुलगा फौजदार झाला, की ते सगळे आपापली गोष्ट पंचवीसदा सांगतात आणि आम्ही बायका चहा करून करून ती ऐकतो. मग एकदा माझीही ऐका.

ऐंशीच्या दशकातली ती कोरडी वर्षं. माझं सासर कळंब तालुक्यातलं आणि माहेर तुळजापूरकडचं, अणदूरच्या पुढे. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. पण त्या साली माहेरच्या गावात टँकर येत होता, तोही आला तर आला. आई सासरी आली, विहिणीपुढे हात जोडले आणि म्हणाली, बाळंतिणीला न्हाऊ घालायला घागरभर पाणी मी कुठून आणू, लेक यंदा तुमच्याकडेच राहू द्या. सासरच्या विहिरीला अजून पाणी होतं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, 'राहू द्या' म्हणाल्या खऱ्या, पण पुढे महिनाभर येणाऱ्याजाणाऱ्याला ते ऐकवत राहिल्या.

सासरे गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन. मी त्यांना मामा म्हणायचे, म्हणजे मनातल्या मनात. तोंडानं म्हणायची वेळच येत नसे. सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि तोंडातून शब्द काढायचा नाही, अशी आमच्याकडची शिस्त. काही सांगायचं झालं तर आत्याबाईंना सांगायचं, त्या मामांना सांगणार, आणि वाटेत त्या निरोपाचं जे काही व्हायचं ते होणार. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि मामांशी मी एक सबंध वाक्य बोलले नव्हते.

दारात एक म्हैस होती, मामांची फार लाडकी. शिमग्याच्या सुमाराला ती व्याली आणि तिचं अंग, म्हणजे गर्भाची पिशवी, बाहेर आलं. जनावरांच्या डॉक्टरांनी येऊन अंग आत घातलं आणि वरून टाके घातले. नेमकी त्याच आठवड्यात गावाबाहेर चारा छावणी सुरू झाली. सगळ्या गावाची जनावरं छावणीत गेली. मामांनी मात्र जाहीर करून टाकलं की टाके निघाल्याशिवाय म्हैस दावणीवरून हलणार नाही. छावणीचा नियम असा, की जनावर तिथं हजर असेल तरच चारा. मामा तिथल्या माणसांशी सकाळभर भांडले आणि चारा घरी न्यायची परवानगी घेऊनच परतले. आता तो आणणार कोण, तर आत्याबाई. भर उन्हातून डोक्यावर पेंढ्या घेऊन त्या यायच्या आणि मी पोट सांभाळत बादलीनं पाणी पाजायचे. म्हैस सावलीत बसून रवंथ करायची आणि आमच्याकडे अशी बघायची, जणू दोघींची सासू तीच.

वैशाखात माझे दिवस भरले. मूल आडवं होतं. गावच्या सुईणीनं पुष्कळ खटपट केली आणि मग हात धुऊन सरळ सांगितलं, हे माझ्या हातातलं न्हाय, धाराशिवला न्या. सरकारी कागदावर तेव्हा उस्मानाबाद असायचं, पण आमची माणसं धाराशिवच म्हणत. दुधाचा टेम्पो मिळाला म्हणून वेळेवर पोचले. बुधवारी सिझर झालं. मुलगी झाली, सावळी, धडधाकट आणि जन्मतःच रागावलेली. माझ्यावर गेली होती.

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी मला शुद्धीवर आल्यावर नीट समजावून सांगितलं. पोट आतून शिवलंय, बाहेरूनही शिवलंय. बाहेरचे टाके आठ-दहा दिवसांनी निघतील, तोवर इथंच राहायचं. मी मान डोलावली. मला समजावण्याची गरजच नव्हती. माझ्या चुलत बहिणीचं असंच सिझर झालं होतं आणि चौथ्याच दिवशी तिला बैलगाडीत घालून घरी नेलं होतं. घर येईपर्यंत तिचं लुगडं भिजलं होतं. टाके उसवले, जखमेत पू झाला, कित्येक महिने ती खाटेवर होती आणि तिच्या लेकराला तिची जाऊ पाजायची. जगली ती. पण त्यानंतर ताठ उभी राहिलेली मी तिला कधी पाहिली नाही. मी कॉटवर पडल्या पडल्या मनाशी ठरवलं होतं, आपण इथून टाके काढूनच जायचं.

आई माझ्याजवळ राहिली होती. नवरा दिवसभर बाहेर व्हरांड्यात बसायचा, कारण बायकांच्या वॉर्डात पुरुषांना सारखं येऊ देत नसत. तो बसायचा ते काही नुसतं माझ्या काळजीनं नव्हे. आत्याबाईंनी त्याला बजावून पाठवलं होतं की पाचवीला तरी घरी सोडतात का ते विचारून ये. पाचव्या दिवशी सटवाई येते आणि लेकराच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. तिच्यासाठी पाटा मांडायचा, दिवा लावायचा, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. आता सटवाई घरी आली आणि लेकरूच नसलं, तर ती लिहिणार कशावर, असा आत्याबाईंचा सवाल होता. डॉक्टरीणबाईंना हे विचारायची नवऱ्याची छाती होत नव्हती. तो आपला दाराला कान लावून बसला होता.

शनिवारी डॉक्टरीणबाई राउंडला आल्या. माझी पट्टी पाहिली, पोरीचा गाल ओढला आणि जाता जाता सिस्टरला म्हणाल्या, "उद्या सुट्टी आहे, हिचे टाके परवा बघते." दुसऱ्या दिवशी रविवार होता, म्हणजे त्यांची सुट्टी. पण आमच्याकडे दवाखान्यातून घरी सोडण्यालाही सुट्टीच म्हणतात. दाराबाहेरच्या कानात त्या वाक्याचे पहिले दोनच शब्द शिरले. ज्याला जे हवं असतं तेवढंच त्याला ऐकू येतं. मालक तिथून जे सुटले ते थेट एसटी स्टँडवर. मला विचारलं नाही, सिस्टरला विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाला कळलं होतं की चेअरमनच्या सुनेला उद्या सुट्टी.

रविवारी सकाळी दूध पोचवून झाल्यावर टेम्पो दवाखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. मागे रिकामे कॅन एका बाजूला सरकवून कडबा अंथरला होता, कडब्यावर गादी होती आणि गादीवर नवी वाकळ. मामा पांढरं धोतर नेसून आले होते. आत्याबाई हातात कुंची घेऊन वॉर्डात आल्या आणि पोरीला पाहण्याआधी मला म्हणाल्या, "चल, आटप." मला काहीच कळेना. आईला कळेना. पाठीमागे नवरा असा हसत होता, जणू त्यानंच मला सोडवून आणलं होतं.

घोटाळा सिस्टरनं उलगडला. ती लातूरकडची, जाडजूड, मोठ्या आवाजाची बाई. ती म्हणाली, सुट्टी डॉक्टरीणबाईंना आहे, पेशंटला नाही. माझा जीव भांड्यात पडला. पण माझ्या सासूबाईंना तुम्ही ओळखत नाही. त्या म्हणाल्या की आज डागदरच न्हाय, तर मग इथं राहून करायचं काय? त्यांचं म्हणणं खोडणं सोपं नव्हतं. घरी पुरणाचा स्वयंपाक झाला होता, भावकीला सांगावे गेले होते, पाटा धुऊन मांडला होता. मामांनीही मान हलवली. आता एवढ्या लांब गाडी आणलीय तर नेऊ या, हळू नेऊ या, असं ते नवऱ्याला म्हणाले.

सिस्टरनं तिच्या परीनं सांगून पाहिलं. शेवटी म्हणाली, आपल्या जबाबदारीवर नेतो असं लिहून द्या आणि न्या, मी काही आडवी पडणार नाही. तिनं कागद पुढे केला. नवऱ्यानं खिशातलं पेन काढलं. मी आईकडे पाहिलं. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत उभी होती. मुलीची आई, तीही व्याह्यांच्या पाण्यावर लेक ठेवलेली, ती काय बोलणार.

मला एकच गोष्ट दिसत होती, ती म्हणजे रस्ता. आमच्या फाट्यापासून गावापर्यंत त्या साली दुष्काळी काम निघालं होतं. सगळ्या रस्त्यावर खडी पसरून ठेवली होती. खडी दाबायची तर पाणी मारावं लागतं, आणि पाणी माणसांना नव्हतं तिथं रस्त्याला कोण मारणार. त्यामुळे ती तशीच मोकळी पडलेली. येताना कळांच्या तंद्रीत असूनही मला तिचा प्रत्येक गचका कळला होता. आता तोच रस्ता, तोच टेम्पो आणि पोटाला चार दिवसांचे टाके. मला बहिणीचं भिजलेलं लुगडं आठवलं. मला मरायची भीती वाटली, हे उघड सांगते. आणि भीती वाटली की मला राग येतो, हा माझा जन्मापासूनचा स्वभाव.

मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हाक मारली.

"मामा."

आत्याबाईंच्या हातातली कुंची हातातच राहिली. मामांनी इकडेतिकडे पाहिलं, बहुतेक दुसऱ्या कुणाचा मामा आलाय का ते.

"मामा, म्हशीला टाके हुते तवा तुमी तिला छावणीपर्यंतबी चालवली न्हवती. अन् मला खडीवरनं टेम्पोत घालून न्यायला निघालाव."

आत्याबाई भानावर आल्या. "म्हशीची बरोबरी करतीस व्हय गं?"

"बरोबरी कुठं आत्याबाई," मी म्हणाले. "म्हस वरच हाय. मी तिच्याएवढंच मागतीय."

पलीकडच्या कॉटवरची बाई फिस्सकन हसली आणि लगेच टाक्यावर हात दाबून 'आई गं' म्हणाली. सिस्टरनं तोंड फिरवलं. मामा मात्र हसले नाहीत, रागावलेही नाहीत. वळले आणि बाहेर निघून गेले. खिडकीतून मला ते दिसत होते. टेम्पोच्या फळीवर बसून त्यांनी विडी पेटवली. नवरा पेन हातात धरून उभा. आईचे डोळे भरून आले होते. मी पोरीला छातीशी घट्ट धरलं आणि मनात म्हटलं, आता काय व्हायचं ते होवो, बोलून तर झालं. पोट दुखत होतं, पण मला इतकं मोकळं लग्न झाल्यापासून वाटलं नव्हतं.

विडी संपली तसे मामा आत आले. आत्याबाईंकडे नाही, नवऱ्याकडेही नाही, सरळ माझ्या कॉटशी येऊन उभे राहिले.

"पोरी, बराबर हाय तुजं," ते म्हणाले. "टाके निघाल्याबिगर हालायचं न्हाय. कुणी काय म्हनू दे."

मग नवऱ्याकडे वळून म्हणाले की ते पेन खिशात घाल आणि पुढच्या खेपेला कान घरी ठेवून येत जा. पूर्ण वाक्य ऐकायला काय पैसे पडतात का, असंही म्हणाले. माझा नवरा बिचारा कानापर्यंत लाल झाला. आजही घरात कुणी काही नीट ऐकलं नाही की आम्ही 'सुट्टी झाली' म्हणतो.

राहता राहिली पाचवी. मामांनी मला जिंकवलं तरी सटवाईची समजूत कोण घालणार. आत्याबाई तोंड पाडून बसल्या होत्या. मीच म्हटलं, सटवाईला एवढं लिहिता येतं तर पत्ता वाचता येत असेल की, इथंच मांडा. आत्याबाईंना ते पटलं की त्या थकल्या होत्या कोण जाणे, पण उठल्या. आवारातून एक सपाट दगड आणून त्यांनी नळाखाली घासून धुतला. सिस्टर म्हणाली, वॉर्डात दिवा चालणार नाही, बाहेर खिडकीच्या कठड्यावर लावा. पेन नवऱ्याचंच घेतलं, त्याला त्या दिवशी तेवढंच काम उरलं होतं. दगड मांडला, कागद ठेवला, तर शेजारची बाई म्हणाली, मावशी, माझ्या पोराचीबी पाचवी कालच चुकलीय. मग तिसरी बोलली, चौथी बोलली. शेवटी आत्याबाईंनी एका कागदाचे चार तुकडे केले आणि सटवाईला बजावलं की बाई, एका खेपेत सगळी कपाळं उरकून घे. वॉर्डभर हसू पसरलं. घरी झाली असती तर ती पाचवी मला आठवली तरी असती का, कोण जाणे.

टेम्पो परत निघाला तेव्हा आई त्यात बसून स्टँडपर्यंत गेली. टँकर यायचा दिवस होता आणि घरी भांडी लावायला कुणी नव्हतं. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवत ती हळूच म्हणाली, "असं बोलता येतं, हे मला आधी कळाया पायजे हुतं." माझ्याजवळ आता आत्याबाई राहिल्या.

पहिला दिवस त्या फुगून बसल्या. कॉटखाली बसून राहायच्या. मग सकाळी नळाला पाणी आलं. तोटी फिरवली की पाणी येतं आणि ते शेंदावं लागत नाही, डोक्यावरून आणावं लागत नाही, याचं त्यांना पहिल्यांदा नवल वाटलं आणि मग रागच आला. त्यानंतर चहा आला, तोही त्यांनी न करता. दुपारच्या भाकरीनंतर करायला काहीच उरेना. झाडायला बाई होती, धुवायला बाई होती. त्यांनी दोनदा माझी चादर ओढून सारखी केली, पोरीचे लंगोट वाळायच्या आधी पालथे घातले, आणि मग भिंतीला टेकून बसल्या त्या बसल्याच डोळा लागला. जाग आली तेव्हा अशा दचकून उठल्या, जणू कुणी चोरी करताना पकडलं.

दोन-तीन दिवसांत त्या वॉर्डाच्याच होऊन गेल्या. नवी बाळंतीण आली की तिच्या सासूला दाराशी गाठून सांगायच्या, टाके निघंपर्यंत न्यायचं नाव काढू नगा. मी कॉटवरून ऐकत राहायचे. एका दुपारी माझे केस विंचरता विंचरता त्या आपण होऊन बोलू लागल्या. त्यांची सात बाळंतपणं झाली होती. पाच लेकरं जगली. एकदा तर बारसं व्हायच्या आधी त्या खुरपायला गेल्या होत्या, लेकरू बांधावर झोळीत ठेवून. त्यांच्या सासूनं सांगितलं नव्हतं की जा, फक्त खुरपं दाराशी काढून ठेवलं होतं. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मला मात्र इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्यासाठी रडू आलं, आणि केस ओढले जातात म्हणून रडते असं मी सांगितलं.

टाके निघाले. एकेक दोरा सुटताना मुंगी चावावी तसं वाटलं, बाकी काही नाही. जखम कोरडी, सरळ, एका रेषेत. मी कॉटचा दांडा न धरता उभी राहिले आणि वॉर्डाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोरीला घेऊन चालत गेले. पलीकडच्या कॉटवरच्या बाईनं टाळी वाजवली. मी ताठ चालत होते, हे मला स्वतःलाच दिसत होतं. आनंद काय असतो ते मला कुणी विचारलं तर मी त्या चालण्याचं नाव सांगेन.

डॉक्टरीणबाई खूष झाल्या. म्हणाल्या, उत्तम, उद्या सकाळी घरी जायचं. आत्याबाई पुढे झाल्या आणि त्यांनी हात जोडले.

"बाई, अजून दोन दिस ठिवा की."

डॉक्टरीणबाई चकित झाल्या. एवढ्या वर्षांत सासूनं असं मागितलेलं त्यांनी ऐकलं नसावं. त्यांनी विचारलं, का, जखम तर छान भरली आहे, हिला कुठं दुखतंय का?

"हिचं न्हाय दुखत," आत्याबाई म्हणाल्या. "माजं दुखतंय. सात बाळंतपणांचं."

डॉक्टरीणबाईंनी आत्याबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांनी लिहायला काढलेलं पेन परत कोटाच्या खिशाला लावलं आणि परवा बघू म्हणून पुढच्या कॉटकडे गेल्या.

त्या दुपारी सिस्टर थर्मामीटर घेऊन आली, तेव्हा कॉटवर आत्याबाई पाय लांब करून गाढ झोपल्या होत्या आणि मी पोरीला मांडीवर घेऊन बाकावर बसले होते. पेशंट कोण, असं तिनं खुणेनं विचारलं. मी आत्याबाईंकडे बोट दाखवलं आणि तोंडावर बोट ठेवून तिला हळू जायला सांगितलं.